मोजता येतं ते मोजून घ्या

घरी गाणं ऐकण्यासाठी कुणी मोठ्या हौसेनं चांगले स्पीकर घेतले, की महिन्याभरात त्याला एक वाक्य हमखास ऐकवलं जातं. ‘स्पीकर झकास आहेत, पण या ॲम्पशी त्यांचं जमत नाही.’ का जमत नाही, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ते कानाला कळतं, सांगता येत नाही, तुमचा कान अजून तयार झालेला नाही. मग ॲम्प्लिफायर बदलण्याचा फेरा सुरू होतो. पन्नास हजारांचा जातो, लाखाचा येतो. लाखाचा जातो, तीन लाखांचा येतो. दर वेळी जुना पडत्या भावानं परत घेतला जातो आणि दर वेळी चूक गिऱ्हाइकाच्या निवडीची ठरते.

मुलामुलीच्या लग्नात पत्रिका पाहायला ठाम नकार देणारी, बुवाबाजीविरुद्धच्या मोर्चात चाललेली, शिकलीसवरलेली माणसं इथे मात्र गुणमेलनावर मुकाट विश्वास ठेवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन यंत्रं एकमेकांना लागू पडतात की नाही, हा प्रश्न विजेचा आहे. त्याचं उत्तर आकड्यांत मिळतं, आणि शाळेत शिकलेला ओहमचा नियम ज्याला आठवतो त्याला ते घरबसल्या काढता येतं. सर्वांना समजू शकणारी गोष्ट मूठभरांची विद्या करून ठेवायची आणि तिच्या जोरावर लोकांचा पैसा व आत्मविश्वास दोन्ही काढून घ्यायचे, याविरुद्ध महाराष्ट्रात शंभरावर वर्षं लिहिलं-बोललं गेलं आहे. दिवाणखान्यातल्या या विद्येबद्दलही ते बोललं पाहिजे.

तर आधी हिशेब. स्पीकरच्या माहितीपत्रकावर सेन्सिटिव्हिटी म्हणून एक आकडा असतो, समजा 87 डेसिबल. स्पीकरला 1 वॉट दिला तर एक मीटरवर इतका आवाज मिळतो, असा त्याचा अर्थ. ताकद दुप्पट केली की 3 डेसिबल वाढतात, दहापट केली की 10. एवढे दोन नियम पुरतात. आपण अडीच मीटरवर बसतो. भिंतींवरून परतणारा आवाज जमेस धरला तर घरच्या खोलीत अंतरापोटी साधारण 6 डेसिबल कमी होतात, आणि स्पीकर दोन असल्यामुळे 3 परत मिळतात. म्हणजे आपल्या कानापाशी 1 वॉटला 84. निवांत बसून ख्याल ऐकताना सरासरी आवाज 74 डेसिबलच्या आसपास ठेवला, तर लागणारी ताकद किती? एका वॉटचा दहावा भाग. होय, एवढीच. तबल्याची खणखणीत थाप किंवा तिहाईची सम सरासरीच्या 20 डेसिबल वर उसळली, तर त्या क्षणापुरते 10 वॉट. त्यावर चौपट राखीव धरली, तरी 40 वॉटचा प्रामाणिक ॲम्प या माणसाला जन्मभर पुरेल. त्याला 300 वॉटचा ॲम्प विकणाऱ्यानं हा हिशेब त्याच्यापुढे एकदाही मांडलेला नसतो.

हाच हिशेब उलट्या बाजूनंही सावध करतो. बीबीसीच्या संशोधन विभागानं 1970 च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांमधल्या अरुंद जागेसाठी एलएस3/5ए हा छोटा स्पीकर तयार केला. मानवी आवाजाच्या अस्सलपणासाठी तो आजही नावाजला जातो, पण त्याची सेन्सिटिव्हिटी 83 डेसिबलच्या आसपास आहे. वरच्या उदाहरणात 10 वॉट लागले, तिथे त्याला 25 लागतील. उलट पॉल क्लिप्श यांनी 1946 मध्ये बाजारात आणलेला क्लिप्शहॉर्न हा कोपऱ्यात ठेवायचा भोंग्याचा स्पीकर 105 डेसिबलचा सांगितला जातो; त्याला त्याच थापेसाठी एका वॉटचा पाचवा भागही लागणार नाही. एकाच 300बी व्हॉल्व्हवर चालणारा, जेमतेम 8 वॉट देणारा ॲम्प क्लिप्शहॉर्नला जोडला तर राजासारखा गाईल आणि बीबीसीच्या स्पीकरला जोडला तर तबल्याच्या थापेवर धापा टाकेल. ‘जमणं’ आणि ‘न जमणं’ म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं. त्यात दैवी काही नाही, आणि ते कळायला वीस वर्षांची साधनाही लागत नाही.

दुसरा आकडा ओहमचा, म्हणजे इम्पीडन्सचा. इथे गोष्ट खरोखर थोडी गुंतागुंतीची आहे आणि नेमक्या इथेच लपवाछपवी होते. स्पीकरवर 8 ओहम छापलेलं असतं, पण हा आकडा स्थिर नसतो. सुराच्या उंचीनुसार तो वरखाली होतो. तो जितका खाली येतो तितका जास्त प्रवाह ॲम्पला पुरवावा लागतो. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, की छापलेल्या आकड्याच्या 80 टक्क्यांखाली तो कुठेही जाऊ नये; म्हणजे 8 छापलं असेल तर 6.4 च्या खाली नको. प्रत्यक्षात 8 ओहमची पाटी लावलेले, पण खर्जात 4 च्याही खाली उतरणारे महागडे स्पीकर बाजारात राजरोस आहेत. साध्या ॲम्पला त्यांनी घाम फोडला, की दोष ॲम्पवर येतो आणि दुपटीच्या किमतीचा ॲम्प सुचवला जातो. चूक असते पाटीची. 1980 च्या दशकात ॲपोजी कंपनीचा सिंटिला हा स्पीकर 1 ओहमचा होता आणि त्याला प्रवाह पुरवता पुरवता भलेभले ॲम्प बंद पडत. पण तो तसा आहे हे जगजाहीर होतं, घेणारा जाणून घेत होता. जाणून घेतलेल्या अडचणीबद्दल माझी तक्रार नाही.

आणखी एक चलाखी पाहा. सेन्सिटिव्हिटी पुष्कळदा ‘1 वॉट’ऐवजी ‘2.83 व्होल्ट’वर सांगतात. 8 ओहमला 2.83 व्होल्ट म्हणजे बरोबर 1 वॉट. पण 4 ओहमच्या स्पीकरला तेवढ्याच व्होल्टवर 2 वॉट जातात. त्याच्या माहितीपत्रकावरचे 87 हे खरे तर एका वॉटचे 84 असतात. आकडा खोटा नाही, पण वाचणाऱ्याची समजूत खोटी होते, आणि ती तशी व्हावी याची तजवीज केलेली असते.

व्हॉल्व्ह ॲम्पची ‘ऊब’ हा ‘ते कानाला कळतं’ म्हणणाऱ्या पंथाचा सर्वांत लाडका विषय आहे. ती ऊब खरी असू शकते, हे मी आधीच मान्य करतो. समजा एखाद्या व्हॉल्व्ह ॲम्पचा स्वतःचा अंतर्गत रोध 2 ओहम आहे आणि स्पीकरचा इम्पीडन्स वेगवेगळ्या सुरांना 4 ते 20 ओहम असा फिरतो. जिथे तो 20 आहे तिथला आवाज 4 असलेल्या जागेपेक्षा सुमारे पावणेतीन डेसिबलनं उचलला जातो. हा फरक कुणालाही ऐकू येईल. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पचा रोध 0.05 ओहम धरला तर तोच फरक एक दशांश डेसिबलच्या आत राहतो. म्हणजे ज्याला ‘आत्मा’ म्हणतात तो इथे स्पीकरच्या इम्पीडन्सची रेघ आवाजावर उमटल्याचा परिणाम आहे. तो आवडत असेल तर खुशाल ऐकावा. पण तो टोन कंट्रोलच्या एका खुंटीनं जवळपास आणता येतो, हे सांगायचं नाही आणि चार लाख घ्यायचे, हे मला मान्य नाही.

स्वस्त बाजारात याच रोगाचं दुसरं रूप दिसतं. 1990 च्या दशकात आपल्या घराघरांत आलेल्या म्युझिक सिस्टिमवर ‘पीएमपीओ’ असं लिहून हजार-दोन हजार वॉटचे आकडे झळकायचे. आजही काही स्वस्त पार्टी स्पीकरच्या खोक्यांवर तसेच फुगवलेले आकडे दिसतात. त्यातला खोटेपणा पकडायला प्रयोगशाळा नको. यंत्र उलटं करायचं. मागच्या पाटीवर, पिनच्या वायरजवळ, बारीक अक्षरांत ते वीज किती खातं ते लिहिलेलं असतं: 60 वॉट, फार तर 100. भिंतीतून 60 वॉट घेणारं यंत्र सतत दोन हजार वॉट बाहेर देऊ शकत नाही. पुढच्या बाजूचा दावा मागच्या बाजूलाच खोडून काढलेला असतो, आणि कुठल्याही मजल्यावरच्या कुठल्याही गृहिणीला तो वाचता येतो, फक्त कुणी तरी तिला पाटी दाखवायला हवी. अमेरिकेतही हीच लूट चालू होती; तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं 1974 मध्ये नियम केला, की घरगुती ॲम्पच्या जाहिरातीत सतत देता येणारी ताकद, किती ओहमला, कोणत्या सुरापासून कोणत्या सुरापर्यंत आणि किती विकृतीसह, हे सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्या-मुंबईतच उभी राहिली. वॉटचा हा प्रश्न तिच्या अंगणातला आहे.

स्वस्त मालवाला खोटा आकडा सांगतो आणि महाग मालवाला आकडाच सांगत नाही; त्याच्याकडे विशेषणं असतात. हवेशीर, रेशमी, संगीतमय. या विशेषणांमागे किती तथ्य आहे, हे तपासण्याचे प्रयत्न झालेले आहेत आणि ते लपलेले नाहीत. 1985 मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्यानं ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलं, की तुम्ही निवडाल त्या महागड्या ॲम्पसारखाच आवाज माझ्या स्वस्त ॲम्पमधून काढून दाखवतो. दोन्हींच्या आवाजातली वजाबाकी मोजत मोजत त्यानं आपल्या सर्किटमध्ये फेरफार केले, आणि शेवटी त्या संपादकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. 1987 च्या जानेवारीत ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकानं साध्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या ॲम्पपर्यंत अनेक ॲम्प पडद्याआड ठेवून, आवाजाची पातळी सारखी करून ऐकवले. ऐकणाऱ्यांत फरक छातीठोकपणे सांगणारेही होते. एकूण निकाल नाणं उडवून लागावा तितकाच लागला. 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच 40 जणांवर प्रयोग केला. स्पीकर डोळ्यांना दिसत असताना दिलेले गुण आणि पडद्याआडून दिलेले गुण यांत मोठी तफावत निघाली; दिसत असताना आकार आणि नाव यांनाही गुण मिळत होते.

याच टूल यांच्या अनेक वर्षांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती मला फार मोलाची वाटते. पडद्याआडून ऐकताना सामान्य श्रवणशक्तीच्या माणसांचं चांगल्या स्पीकरबद्दल बऱ्यापैकी एकमत होतं. ज्यांची श्रवणशक्ती कमी झाली आहे त्यांचेच निर्णय डळमळतात. वयानुसार वरचे सूर ऐकू येणं कमी होतं, पुरुषांचं अधिक. आता आपल्याकडची रीत आठवा. सेटसमोरच्या एकुलत्या एक मोक्याच्या खुर्चीत साठीचे गृहस्थ बसतात, तेच निकाल देतात. घरातल्या सुनेला, मुलीला ‘तुला यातलं काय कळतं’ म्हणून बाजूला ठेवलं जातं. त्या मुलीचा कान त्या खोलीतला सर्वांत चांगला कान असण्याची दाट शक्यता आहे. घरातला एवढा मोठा खर्च ठरवताना तिचं मत विचारात घेतलं जात नाही, आणि निवड चुकली तर तिच्याही सहलीचे, पुस्तकांचे पैसे त्यात गेलेले असतात.

शोरूममध्ये काय घडतं ते मी जवळून पाहिलं आहे. विक्रेता एक ॲम्प ऐकवतो, दुसरा जोडतो, आणि दुसऱ्याचा आवाज किंचित मोठा असतो. किंचित म्हणजे इतका किंचित, की ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘जास्त मोकळा’ म्हणून कळतो. मुद्दाम केलं असेल असं नाही; दोन ॲम्पचे नॉब एकाच खुणेवर ठेवले तरी पातळी सारखी येत नाही. उपाय दोन दशांश स्थळांपर्यंत एसी व्होल्ट दाखवणाऱ्या मल्टीमीटरचा आहे. 100 हर्ट्झचा एकसुरी आवाज लावायचा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या काड्या स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलना टेकवायच्या आणि नॉब फिरवून 2.83 व्होल्ट आणायचे. दुसऱ्या ॲम्पलाही तेच. 2.80 आणि 2.86 च्या मध्ये राहिलं तरी चालेल. मग कुणी तरी पडद्यामागून अदलाबदल करायची आणि ऐकणाऱ्यानं कागदावर ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ लिहायचं, निदान सोळा वेळा. बारा बरोबर आले तर फरक ऐकू येतो असं मानायला हरकत नाही. आठ-नऊ आले तर पैसे खिशातच ठेवावेत. ही चाचणी करू न देणाऱ्या दुकानातून उठून यायचं धैर्य गिऱ्हाइकानं दाखवलं पाहिजे.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका परिचितांचं उदाहरण सांगतो. त्यांनी सेट जोडून घेतला, आवाज पोकळ, खर्ज नाहीच. जाणकारांनी ‘जोडी जमत नाही’ असं निदान केलं आणि ॲम्प बदलला गेला. मग वायरी बदलल्या, त्याही कित्येक हजारांच्या. खर्ज आला नाही. शेवटी कॉलेजात जाणाऱ्या त्यांच्या भाचीनं दोन्ही स्पीकरच्या जाळ्या काढल्या, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला आणि स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींच्या ॲम्पकडच्या मोकळ्या टोकांना टेकवला. सेलचं अधिक टोक लाल वायरीला लावलं की वूफरचा पडदा बाहेर यायला हवा. एकाचा बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. एका स्पीकरवर लाल-काळी वायर उलटी जोडलेली होती. एक पडदा हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता आणि खर्ज एकमेकांत मिटून जात होता. दोन स्क्रू फिरवून काम झालं. त्या गृहस्थांना ॲम्पच्या पैशांपेक्षा जास्त खंत होती ती वेगळीच: त्या काळात त्यांनी ऐकणंच सोडून दिलं होतं. आपल्याला कान नाही, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. एका रसिकाला संगीतापासून तोडणं हे या धंद्याचं सर्वांत मोठं पाप आहे, पैशांचं नुकसान त्यानंतर येतं.

वायरींबद्दल लांबण लावायचं कारण नाही. दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर, पाच मीटर लांब, जाऊन-येऊन 0.12 ओहमच्या आसपास रोध देते. 8 ओहमच्या स्पीकरला ती पुरते. 4 ओहमचा असेल तर अडीचची घ्यावी. गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते स्पीकरवर आणि खोलीवर करावेत, कारण फरक तिथे पडतो आणि पडद्याआडूनही ओळखू येतो. आपल्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली घ्या. बारा फुटांच्या लांबीत 47 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतींजवळ फुगतो आणि खोलीच्या मध्यावर नाहीसा होतो. दहा फुटांच्या रुंदीत हेच 56 च्या आसपास घडतं. बसायची जागा हातभर मागेपुढे केली तर जो बदल होतो तो कुठलाही ॲम्प करू शकत नाही. शिवाय व्हिट्रिफाइड फरशी आणि गिलाव्याच्या उघड्या भिंती आवाज परतवत राहतात. जाड सतरंजी, कापसाच्या गाद्या, दाट पडदे, पुस्तकांचं भरलेलं कपाट: या गोष्टी बऱ्याच घरांत आधीच असतात, फक्त त्या दुसऱ्या खोलीत असतात. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावेत, दोन्ही कानांपासून सारख्या अंतरावर ठेवावेत. आणि आरसीसीच्या स्लॅबमधून खर्ज शेजाऱ्याच्या उशीपर्यंत जातो, तेव्हा रात्री दहानंतर आवाज आपल्या चार भिंतींत ठेवणं हेही सेट जुळवण्यातच येतं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी हलका मानत नाही. लोक म्हणतात, संगीत मोजता येत नाही. खरं आहे. किशोरीताई आमोणकरांच्या भूपातला गंधार का हलवून सोडतो, हे कुठलाही मीटर सांगणार नाही आणि सांगू नये. पण तो गंधार किशोरीताईंनी लावलेला आहे, ॲम्पनं नव्हे. ॲम्पचं काम इतकंच, की रेकॉर्डमध्ये जे आहे ते जसंच्या तसं, पुरेशा ताकदीनं स्पीकरपर्यंत पोचवायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. त्यानं काही घातलं की नाही, हे नक्की मोजता येतं. केसरबाई केरकरांच्या जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्यांवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं, वरचे सूर तर त्या काळच्या यंत्रानं टिपलेच नव्हते. तरी त्यांचा आवाज 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवावासा वाटला. तबकडीत जे टिपलंच गेलं नाही ते दहा लाखांचा ॲम्प निर्माण करणार नाही, आणि जे टिपलं गेलं आहे ते ऐकवायला तो लागत नाही. संगीताचं मोठेपण यंत्राच्या किमतीला चिकटवणं हा त्या गायिकांचाही अपमान आहे.

दुसरा आक्षेप, ज्याचे पैसे त्यानं कसेही उडवावेत. उडवावेत, जरूर, पण खरी माहिती हातात असताना. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात हौशी मंडळींच्या बैठका भरतात, एकमेकांचे सेट ऐकले जातात. या मंडळींकडे ज्ञान आहे, वेळ आहे, लोकांचा विश्वासही आहे. त्यांनी काही कामं मनावर घ्यावीत. सेन्सिटिव्हिटी 1 वॉटला किती, इम्पीडन्स कमीत कमी किती आणि कोणत्या सुराला, ॲम्पची सतत ताकद 8 आणि 4 ओहमला किती, त्याचा अंतर्गत रोध किती, हे लेखी दिल्याशिवाय कुठल्याही यंत्राची शिफारस करू नये. नव्या माणसाला ‘तुझा कान तयार नाही’ असं सांगणं बंद करावं. आणि बैठकीत पडदा लावून, पातळी मल्टीमीटरनं सारखी करून, घरातल्या बायका-मुलांसह सगळ्यांना ऐकवावं. किती जणांना किती वेळा बरोबर ओळखता आलं ते यंत्रांच्या नावानिशी प्रसिद्ध करावं, फरक ओळखता आला नाही तेव्हा तर नक्कीच.